बारा मुली, सतरा मुलगे आणि राणीचा डॉक्टर

आजचा एपिसोड थोडा लांबणार आहे, आणि आकडे भरपूर आहेत. गाडी चालवत ऐकत असाल तर आकडे सोडून द्या, नंतर या ट्रान्स्क्रिप्टमध्ये बघा. गोष्ट मात्र ऐका.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. माझी आई अंगणवाडी सेविका होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. हा प्रसंग त्याच्या आधीचा. गावात ग्रामसभा होती आणि तालुक्याहून एक साहेब आले होते. त्यांच्या हातात एक छापील कागद होता. त्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं की गेल्या वर्षी या गावात सतरा मुलगे जन्मले आणि मुली बारा. म्हणजे हजार मुलग्यांमागे ७०६ मुली. "राज्याची सरासरी बघा आणि तुमचं गाव बघा. लाज वाटली पाहिजे." मग आईकडे वळून, "बाई, तुमचं लक्ष कुठं होतं?"

त्याच बैठकीत शेजारच्या गावाच्या सरपंचांना शाल-श्रीफळ मिळालं. तिथं अकरा मुलगे आणि तेरा मुली झाल्या होत्या. हजारी ११८२!

आई घरी आली, भाकऱ्या केल्या, पण जेवली नाही. मी त्या शनिवार-रविवारी पुण्याहून गावी गेलो होतो. मी नोकरीत जे काम करतो त्यात एक गोष्ट रोज करावी लागते. ॲपमधलं बटण निळं ठेवायचं की हिरवं, हे ठरवायला आम्ही अर्ध्या लोकांना निळं दाखवतो, अर्ध्यांना हिरवं, आणि बघतो की दाबणाऱ्यांच्या टक्केवारीत पडलेला फरक खरा आहे की नुसता योगायोग. त्याला प्रमाणाची चाचणी म्हणतात. कॉलेजात चौथ्या सेमिस्टरला मी ती घोकून पास झालो होतो. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की बटणाच्या रंगासाठी आपण जेवढा पुरावा मागतो, तेवढा माझ्या आईला चारचौघांत बोलण्याआधी कुणी मागितला नाही.

आणि गंमत अशी, की ही चाचणी जगात पहिल्यांदा जिथं वापरली गेली असं मानतात, तो प्रश्न अगदी हाच होता. मुलगे किती आणि मुली किती.

चला, लंडनला जाऊ.

सतराव्या शतकातलं लंडन. प्लेगची भीती कायमची, म्हणून शहरात दर आठवड्याला मेलेल्यांच्या याद्या छापल्या जायच्या, सोबत चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या बाळांची संख्याही असायची. जॉन ग्राँट नावाच्या एका कापडव्यापाऱ्याने या याद्या वर्षानुवर्षांच्या गोळा करून १६६२ साली एक पुस्तक लिहिलं. व्यापारी माणूस, हिशेबाची सवय. त्याच्या लक्षात आलं की बाप्तिस्म्यात दर तेरा मुलींमागे साधारण चौदा मुलगे असतात. त्याने ते नोंदवलं आणि पुढे गेला.

पुढची उडी मारली जॉन आर्बथनॉट या माणसाने. हा स्कॉटिश, जन्म १६६७, ॲन राणीचा डॉक्टर. जोनाथन स्विफ्टचा जवळचा दोस्त आणि स्वतःही उपहासकार. इंग्लंडचं प्रतीक असलेला तो ढेरपोट्या 'जॉन बुल' याच डॉक्टरच्या लेखणीतून १७१२ मध्ये आला. त्यातच गणिताचा नाद. हॉयगेन्सचं जुगारातल्या शक्यतांवरचं पुस्तक त्याने १६९२ मध्येच इंग्रजीत आणलं होतं. (जाता जाता, ॲन राणीला किमान सतरा वेळा दिवस गेले आणि एकही मूल मोठं होईपर्यंत जगलं नाही. जन्म-मृत्यूचा हिशेब मांडणारा माणूस अशा बाईच्या दरबारी होता.)

आर्बथनॉटने १६२९ ते १७१० या ८२ वर्षांचे बाप्तिस्म्याचे आकडे घेतले. पहिल्या वर्षी मुलगे ५,२१८ आणि मुली ४,६८३. शेवटच्या वर्षी मुलगे ७,६४० आणि मुली ७,२८८. मधल्या काळात यादवी युद्ध झालं, राजाचं डोकं उडवलं गेलं, प्लेग आला, शहर जळलं. बाप्तिस्म्याची संख्या कधी निम्म्यापर्यंत खाली आली. पण एक गोष्ट बदलली नाही. ८२ च्या ८२ वर्षं मुलगे जास्त.

आता त्याचा युक्तिवाद बघा. आजच्या प्रत्येक चाचणीचा सांगाडा यातच आहे. तो म्हणाला, क्षणभर धरून चालू की मुलगा की मुलगी हे नाणं उडवल्यासारखं आहे, निम्मी निम्मी शक्यता. मग एखाद्या वर्षी मुलगे जास्त निघण्याची शक्यता फार तर एक द्वितीयांश. लागोपाठ ८२ वर्षं तसंच घडण्याची शक्यता म्हणजे एक द्वितीयांशचा ८२ वेळा गुणाकार. एकाला एका पंचवीस अंकी संख्येने भागा, इतकी लहान. म्हणजे आपण जे धरून चाललो होतो तेच चुकीचं.

"धरून चालू" हा जो भाग आहे ना, त्याला आज नल हायपोथिसिस म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकात शून्य परिकल्पना. ती खरी मानून, जे दिसतंय तेवढं किंवा त्याहून टोकाचं दिसण्याची शक्यता किती, हा झाला पी-व्हॅल्यू. ही नावं दोनशे वर्षांनी आली. फिशरचं पुस्तक १९२५ चं, नेमन आणि पिअर्सन यांचा प्रसिद्ध निबंध १९३३ चा. पण विचार इथला.

मी आर्बथनॉटचे आकडे लॅपटॉपवर घेऊन बसलो होतो. त्याने फक्त "कोण जिंकलं" एवढंच मोजलं, किती फरकाने ते सोडून दिलं. ते वापरलं तर अख्खी ८२ वर्षं लागतच नाहीत. नाण्याच्या बाबतीत एक सोपी युक्ती आहे. मुलगे वजा मुली करा, आणि त्याला एकूण संख्येच्या वर्गमुळाने भागा. नुसत्या योगायोगात हे उत्तर बहुतेक वेळा उणे दोन ते अधिक दोनच्या मध्ये पडतं. १६२९ साली फरक ५३५, एकूण ९,९०१, वर्गमूळ साधारण ९९.५. उत्तर ५.४. एका वर्षात निकाल! पण १७०३ घ्या. मुलगे ७,७६५, मुली ७,६८३, फरक ८२. एकूणाचं वर्गमूळ १२४. उत्तर ०.६६. म्हणजे फक्त १७०३ चं साल हातात असतं तर पंधरा हजार बाळं मोजूनही "नाणं खोटं आहे" असं म्हणता आलं नसतं.

पंधरा हजार बाळं. आणि साहेबांच्या कागदावर एकोणतीस होती.

पण थांबा, आर्बथनॉटची खरी गंमत पुढे आहे. योगायोग नाही हे सिद्ध केल्यावर त्याने काय निष्कर्ष काढला? तर यामागे ईश्वरी योजना आहे. पुरुष बाहेर पडतात, धोके पत्करतात, जास्त मरतात, म्हणून देव आधीच थोडे जास्त पाठवतो, शेवटी प्रत्येकाला जोडीदार मिळावा म्हणून. आणि त्यावरून एक पुरुष अनेक बायका हे निसर्गाविरुद्ध आहे, हेही त्याने त्याच लेखात उरकून टाकलं. निबंधाच्या नावातच ईश्वरी कृपेचा पुरावा असं आहे.

निकोलस बर्नुली नावाच्या गणितज्ञाने यावर नेमकं बोट ठेवलं. तो म्हणाला, तू एवढंच दाखवलंस की शक्यता निम्मी-निम्मी नाही. समजा पस्तीस बाजूंचा फासा आहे, अठरा बाजूंवर मुलगा आणि सतरावर मुलगी. असा फासा चौदा हजार वेळा टाका, सात हजार दोनशेच्या आसपास मुलगे येणारच, दरवर्षी येणार, त्यात चमत्कार कसला? नाणं नाही हे कळलं, पण मग काय आहे ते या गणिताने कळत नाही. कोर्टात "हा योगायोग नव्हता" हे सिद्ध झालं, म्हणून गुन्हा कुणी केला ते सिद्ध होत नाही, तसंच.

माझ्या मते आर्बथनॉटची चूक आजही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. पी-व्हॅल्यू छोटा आला की आपल्याला जे आधीपासून वाटत होतं तेच सिद्ध झालं, असं म्हणून लोक मोकळे होतात. आमच्या मीटिंगमध्ये दर पंधरा दिवसांनी होतं.

आता पॅरिस. माझा आवडता भाग.

लाप्लास. फ्रान्सचा मोठा गणितज्ञ, राज्यक्रांती आणि नेपोलियन दोन्ही पचवलेला. त्याच्याकडे पॅरिसचे १७४५ ते १७७० चे आकडे होते. मुलगे २,५१,५२७, मुली २,४१,९४५. आपली वर्गमुळाची युक्ती लावा, उत्तर साडेतेराच्या वर येतं. लाप्लासची पद्धत वेगळी होती, उलट्या बाजूने जाणारी, पण तोही तिथंच पोचला. मुलगा होण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमी असणं जवळजवळ अशक्य. इथपर्यंत आर्बथनॉटचंच मोठं रूप.

पण लाप्लासला वेगळीच गोष्ट टोचत होती. फ्रान्सच्या तीस जिल्ह्यांतून त्याने १८००, १८०१ आणि १८०२ या वर्षांच्या जन्मनोंदी मागवल्या होत्या. तिथं मुलगे १,१०,३१२ आणि मुली १,०५,२८७, म्हणजे २१ मुलींमागे २२ मुलगे. पॅरिसमध्ये मात्र २४ मुलींमागे २५. फरक तुम्हाला-मला क्षुल्लक वाटेल. पण संख्या लाखांत होती, आणि एवढ्या मोठ्या संख्येत इतका फरक आपोआप पडत नाही हे त्याला हिशेबाने माहीत होतं. पॅरिसच्या हवेत असं काय आहे की तिथं मुली थोड्या जास्त?

त्याने विचार केला आणि त्याला सुचलं ते हवेचं नव्हतं. पॅरिसमध्ये सोडून दिलेल्या बाळांसाठी एक मोठा अनाथाश्रम होता. तिथल्या बाळांचे बाप्तिस्मे शहराच्या यादीत मिळवले जायचे. त्याने त्या बाळांचे आकडे वेगळे काढले. १७४५ ते १८०९ मध्ये मुलगे १,६३,४९९, मुली १,५९,४०५. ३८ मुलींमागे फक्त ३९ मुलगे. २२ ला २१ हे प्रमाण धरलं तर इथं जवळजवळ सतराशे मुली जास्त होत्या. ती बाळं यादीतून वजा केली आणि पॅरिसचं प्रमाण बाकीच्या फ्रान्ससारखंच झालं.

अर्थ कळला? आसपासच्या गावांतून, परगण्यांतून लोक नको असलेली बाळं पॅरिसला पोचवत होते. मुलगा असेल तर शेतीला हात होतो, म्हणून ठेवून घ्यायचे. मुलगी असेल तर टोपलीत. कुणी कबूल केलं नव्हतं, कुणाची साक्ष नव्हती. दशांश चिन्हाच्या पुढच्या तिसऱ्या आकड्यात ते लपलेलं होतं, आणि लाप्लासने ते तिथून बाहेर काढलं.

बघा, त्याने आर्बथनॉटसारखं केलं नाही. "योगायोग नाही" इथं थांबून त्याने आवडतं उत्तर चिकटवलं नाही. त्याने विचारलं, माझं उत्तर खरं असेल तर अजून कुठं काय दिसायला हवं? आणि मग तिथं जाऊन मोजलं.

आता परत घरी येऊ. आपल्याकडचा हिशेब करू.

निसर्गात साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे ९५२ मुली. एकूण जन्मांत मुलींचं प्रमाण ४८.८ टक्के. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटाचं प्रमाण १९९१ ला ९४६ होतं, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. आणि हे गाफीलपणे झालेलं नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो कागदावरच राहतोय म्हणून मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज हे २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतरही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याचा आकडा ८०७ आला.

राज्याच्या आकड्यावर चाचणी लावली तर काय होतं? २०११ ला राज्यात सहा वर्षांपर्यंतची मुलं सुमारे १ कोटी ३३ लाख. ९५२ च्या हिशेबाने जेवढ्या मुली हव्यात त्यापेक्षा सुमारे दोन लाख कमी. नुसत्या योगायोगाने इकडे-तिकडे होणारा आकडा किती असतो? एक प्रमाण विचलन म्हणजे साधारण १,८००. दोन लाख भागिले अठराशे. शंभराहून जास्त! लंडनचं उत्तर साडेपाच आलं तेव्हा आपण खुर्चीत सावरून बसलो होतो. आता यात सहा वर्षांच्या आत दगावलेली मुलं आहेत, वय चुकीचं सांगणं आहे, हे मान्य. जनगणना हा नमुना नसतो हेही मान्य. पण योगायोग म्हणून कुणीही हा आकडा झटकू शकत नाही.

आणि माझं गाव? एकोणतीस जन्म. मुली अपेक्षित साधारण चौदा, झाल्या बारा. कुणीही काहीही केलं नाही, सगळं निसर्गावर सोडलं, तरी एकोणतिसांत बारा किंवा त्याहून कमी मुली येण्याची शक्यता सुमारे २७ टक्के. म्हणजे एकही पाप न केलेली, एवढेच जन्म असलेली हजार गावं घेतली, तर त्यातल्या अडीचशेहून जास्त गावांच्या सेविकांना त्या वर्षी बोलणी बसणार. आणि पुढच्या वर्षी त्यातल्याच कुणाला तरी शाल मिळणार.

मी अजून एक हिशेब केला. समजा आमचं गाव खरोखर राज्याच्या सरासरीइतकं बिघडलेलं आहे, ८९४. हे चाचणीत नीट पकडता यावं, दहापैकी आठ वेळा तरी, यासाठी किती जन्म मोजायला हवेत? जवळजवळ आठ हजार. वर्षाला तीस जन्म धरले तर दोनशे साठ वर्षं. गाव बीडच्या ८०७ इतकं बिघडलेलं असेल तरी अकराशे-बाराशे जन्म, म्हणजे चाळीस वर्षं. आईची नोकरी जेवढी झाली त्याहून जास्त.

मी हे सगळं वहीच्या पानावर लिहिलं आणि आईला दाखवलं. मला वाटलं तिला बरं वाटेल. म्हटलं, "आई, गणितात तू निर्दोष आहेस. हा कागद त्या साहेबांना देतो."

ती बराच वेळ आकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझं गणित बरोबर असेल रे. पण एक घर मला माहीत आहे."

मी गप्प.

"दोन मुली होत्या. तिसऱ्या वेळी तिसरा महिना उलटला तेव्हा माझ्याकडे नाव लिहिलं होतं तिनं. मग माहेरी जाऊन आली आठ दिवस. आल्यावर म्हणाली, पडलं. मी काय विचारणार? तुझ्या सतरात आणि बारात ती कुठंच नाही."

आता सांगा. मी अभियंता माणूस, पी-व्हॅल्यू ०.२७ घेऊन बसलोय. ०.२७ चा अर्थ एवढाच की या एकोणतीस आकड्यांतून काही ठरवता येत नाही. मी मात्र त्याचं "काही घडलं नाही" असं भाषांतर करून आईला दिलं होतं. आर्बथनॉटला देव दिसला, मला आई निर्दोष दिसली. चूक एकाच जातीची. आणि साहेबांची चूक तिसरीच, त्यांनी तर चाचणीच केली नव्हती. पण त्यांचा आरोप पुराव्याशिवायचा होता, म्हणून तो खोटा होता असंही म्हणता येईना.

तो कागद मी साहेबांना दिला नाही. आईनेच नको म्हटलं. तिचं म्हणणं, गावाला सर्टिफिकेट दिल्यासारखं होईल.

त्याऐवजी तिनं दुसरं काहीतरी सुरू केलंय, आणि ते मी सुचवलेलं नाही हे नमूद करतो. लाप्लासची गोष्ट तिला मी सांगितली होती, टोपलीतल्या मुलींची. ती ऐकून तिनं विचारलं, "म्हणजे किती गावं लागतील?" म्हटलं, बीडइतकं बिघडलेलं असेल तर सगळ्या मिळून बाराशे नोंदी तरी. तिनं हिशेब केला, आणि तालुक्यातल्या तिच्या ओळखीच्या निवृत्त सेविकांना फोन लावायला सुरुवात केली. बऱ्याच जणींनी जुन्या नोंदींच्या स्वतःच्या वह्या जपून ठेवल्यात, सरकारी रजिस्टर जमा केलं तरी. नावं नकोत, घरं नकोत, हे तिनं आधीच ठरवलंय. फक्त कितवं मूल, आणि मुलगा की मुलगी. कारण, ती म्हणाली, पहिल्या बाळाला कुणी हात लावत नाही. जे होतं ते दोन मुलींनंतर होतं. म्हणजे तिसरी बाळं वेगळी मोजली की कळेल.

बघा हं. पहिली बाळं एका बाजूला, दोन मुलींनंतरची दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींतलं मुलींचं प्रमाण ताडून बघायचं. लाप्लासने अनाथाश्रमाचे आकडे वेगळे काढले होते, तेच हे. आईने चौथं सेमिस्टर केलेलं नाही.

आत्तापर्यंत चार वह्या आल्यात. एकीला उंदरानं कोपऱ्यात कुरतडलंय, दुसरीत मधली तीन वर्षं नाहीत. मी फोनवर फोटो मागवून रात्री आकडे भरतो. उत्तर काय येईल ते मला माहीत नाही, आणि वह्या पुऱ्या होईपर्यंत मी चाचणी चालवणार नाही असं आईला वचन दिलंय. मध्येच डोकावून हवं तेव्हा थांबलं की आकडे आपल्याला हवं ते बोलायला लागतात, हे बटणाच्या रंगाने मला शिकवलंय.

पुढचा एपिसोड पंधरा दिवसांनी. भेटू.